बाजूला काढून ठेवलेला हुकूम
(जोडक्रियापदांच्या इतिहासाविषयी काही विचार)

सरकारी फायलींच्या इंग्रजीत ‘सेट असाइड’ असा एक शब्दप्रयोग आहे. ‘सेट’ म्हणजे ठेवणे आणि ‘असाइड’ म्हणजे बाजूला, एवढे ज्ञान शाळेत मिळालेलेच असते. परंतु कचेरीत एखादा हुकूम वरिष्ठांनी ‘सेट असाइड’ केला, म्हणजे तो रद्द केला, असा त्याचा अर्थ होतो. ही गोष्ट आम्ही ज्या रीतीने शिकलो ती आम्हांस भूषणावह नाही. तथापि प्रस्तुत लेखाचा विषयच तिच्यातून निघालेला असल्यामुळे ती आरंभीच सांगून टाकणे योग्य होईल.

१९८५ साली मंडल पद्धती सुरू झाली, त्यापूर्वीचा हा काळ. आम्ही तालुक्याच्या एका कचेरीत नुकतेच रुजू झालो होतो. पैनगंगेच्या काठच्या एका गावचे वयस्क मराठी शेतकरी आपल्या बांधाच्या वादाची चौकशी करावयास आले. खालच्या अधिकाऱ्याने त्यांच्या बाजूने हुकूम दिला होता. प्रतिपक्षाने वर अपील केले होते आणि त्याचा निकाल इंग्रजीत टंकलिखित होऊन आला होता. काकांना इंग्रजी येत नव्हते, तेलुगू बोलता येई पण वाचता येत नसे. त्या दिवशी कचेरीत मराठी जाणणारे आम्ही एकटेच होतो. आम्ही कागद वाचला आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, “काका, साहेबांनी तुमचा हुकूम बाजूला काढून ठेवला आहे.” काकांचा चेहरा उजळला. “काढून ठेवलाय ना? नक्की?” असे त्यांनी पुन्हा विचारून घेतले आणि ते समाधानाने गावी परतले.

पुढील अपिलाची मुदत निघून गेली. प्रतिपक्षाचा नांगर बांधावर आला तेव्हा काका पुन्हा कचेरीत आले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “साहेब, तुम्हीच म्हणाले होते ना, काढून ठेवला म्हणून?”

काकांची यात काहीही चूक नव्हती. आपल्या घरांत काय काय काढून ठेवतात, ते आठवून पाहावे. रात्री उशिरा येणाऱ्यासाठी भाकरी काढून ठेवतात. पुढच्या पेरणीसाठी बियाणे काढून ठेवतात. मुलीच्या लग्नासाठी दागिना काढून ठेवतात. मराठीत जे काढून ठेवले ते जपलेले असते, कोणाच्या तरी नावाने राखलेले असते. काकांनी शुद्ध मराठी अर्थ घेतला. आम्ही मात्र इंग्रजी शब्दांचे सुटे सुटे भाषांतर केले. दोन्ही भाषांत साध्या क्रियापदाला काहीतरी जोडून नवा अर्थ निर्माण केला जातो. पण जोडणी निराळी आणि तिच्यामागचा इतिहासही निराळा. तो इतिहास आम्ही पुढे जमेल तसा समजून घेतला. पेन्शनीत गेल्यावर त्याची संगती लावण्यास सवड मिळाली, ती येथे मांडत आहोत.

प्रथम इंग्रजीकडे पाहू. त्या भाषेची जी अत्यंत घरगुती क्रियापदे आहेत, म्हणजे पुट, टेक, सेट, गिव्ह, कॉल, लुक, टर्न, त्यांना अप, ऑफ, आउट, इन, डाउन अशी लहान अव्यये जोडून त्यांतून शेकडो अर्थ काढले जातात. आम्हां कारकुनांचा दिवसच त्यांवर चाले. कागद साहेबांपुढे मांडायचा तर ‘पुट अप’. अहवाल मागवायचा तर ‘कॉल फॉर’, मागवलेली चौकशी रद्द करायची तर ‘कॉल ऑफ’. प्रकरण हाती घ्यायचे तर ‘टेक अप’, कार्यभार ताब्यात घ्यायचा तर ‘टेक ओव्हर’, अर्ज फेटाळायचा तर ‘टर्न डाउन’. एकट्या ‘पुट’चे उदाहरण घ्या. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे, ‘पुट बाय’ म्हणजे शिल्लक टाकणे, ‘पुट डाउन’ म्हणजे बंड मोडून काढणे, ‘पुट ऑन’ म्हणजे अंगात घालणे आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे खपवून घेणे. क्रियापद एकच, पण मराठीत प्रत्येक ठिकाणी वेगळे क्रियापद शोधावे लागते. आणखी अडचण अशी की, एकाच जोडीचे दोन अर्थ असू शकतात. ‘सेट असाइड’चा एक अर्थ खरोखरच राखून ठेवणे असा आहे, इंग्रज माणूस म्हातारपणासाठी पैसा ‘सेट असाइड’ करतो. हुकूम मात्र ‘सेट असाइड’ झाला की संपला. म्हणजे आमची चूक शब्दकोशात न बसणारी नव्हती, प्रसंगात न बसणारी होती. काकांचा बांध गेला तो त्यामुळेच.

ही अडचण केवळ आमची नव्हे, हे पुढे वाचनात आले तेव्हा थोडा धीर आला. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश सिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी या जोडण्यांचा मुद्दाम उल्लेख केला असून परकीयांना इंग्रजीत सर्वांत मोठी अडचण येथेच येते, असे म्हटले आहे. म्हणून त्यांनी अशा जोड्या कोशात विशेष काळजीने नोंदवल्या. परंतु या प्रकाराला नाव मिळण्यास पुढे पावणेदोनशे वर्षे जावी लागली. ऑक्सफर्डच्या महाकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलेले ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ सालच्या आपल्या पुस्तकात छापले आणि ते रूढ झाले. लोक हजार वर्षे जे बोलत होते, त्याला व्याकरणकारांनी विसाव्या शतकात नाव दिले.

मुळात इंग्रजीची रीत ही नव्हती. प्राचीन इंग्रजीत असे शब्दांश क्रियापदाच्या आधी, त्याला चिकटून येत, आपल्या संस्कृत उपसर्गांप्रमाणे. कालांतराने ते आधीचे शब्दांश क्षीण झाले आणि क्रियापदाच्या मागे सुटे उभे राहणारे अव्यय बळावले. नवव्या शतकापासून समुद्रापलीकडून नॉर्स लोक इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात येऊन स्थायिक झाले. त्यांच्या भाषेच्या शेजाराने या बदलास हातभार लागला, असे अभ्यासक मानतात. पुढे १०६६ साली नॉर्मन आले आणि दरबार व न्यायकचेरी यांत फ्रेंच शब्द बसले. तेव्हापासून इंग्रजीत एकाच अर्थाला दोन पोशाख आहेत : पुढे ढकलण्याला दरबारी ‘पोस्टपोन’ आणि घरगुती ‘पुट ऑफ’, सहन करण्याला दरबारी ‘टॉलरेट’ आणि घरगुती ‘पुट अप विथ’. परक्या मुलखात येऊन शेती करणाऱ्या वसाहतकऱ्यांनी यजमानांच्या भाषेला असे वळण द्यावे, ही गोष्ट आपणां वसाहतकऱ्यांच्या वंशजांना विचार करावयास लावणारी आहे.

आता आपल्या घराकडे वळू. संस्कृतात ‘हृ’ या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार असे भिन्न अर्थांचे शब्द होतात, हे आपण शाळेत घोकले आहे. हे काम उपसर्गांचे. येथे पाणिनीचे एक निरीक्षण लक्षात घेण्याजोगे आहे. उपसर्ग धातूच्या आधी येतात असा नियम सांगून लगेच पुढील सूत्रांत तो म्हणतो की, वेदांच्या भाषेत ते धातूच्या नंतरही येतात आणि मध्ये इतर शब्द येऊन दूरही राहतात. म्हणजे आज इंग्रजीत जे दिसते, क्रियापद इकडे आणि त्याचे अव्यय तिकडे, तशी मोकळीक वैदिक भाषेलाही होती. पुढे लौकिक संस्कृतात उपसर्ग धातूला पक्के चिकटले, आणि प्राकृतांतून मराठीपर्यंत येता येता झिजून शब्दांत विरघळून गेले. ‘उठणे’ यात ‘उत्’ आहे, ‘उतरणे’ यातही आहे, ‘बसणे’ यात ‘उपविश्’मधला ‘उप’ आहे. पण बोलणाऱ्याला ते जाणवत नाही. संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेल्या शब्दांत उपसर्ग दिसतात, परंतु घरच्या क्रियापदांना ते लावून नवा शब्द बनवावा, ही शक्ती मराठीत उरली नाही.

मग उपसर्ग जे काम करीत ते मराठीत कोण करू लागले? आमचे उत्तर असे की, त्यातील बराचसा भार दुसऱ्या क्रियापदाने उचलला. इंग्रजीने क्रियापदामागे अव्यय उभे केले. मराठीने क्रियापदामागे आणखी एक क्रियापद उभे केले. ‘कर’ एवढाच धातू घ्यावा. ‘करून टाक’ म्हणजे एकदाचे संपव. ‘करून ठेव’ म्हणजे पुढे उपयोगी पडेल असे आधीच तयार कर. ‘करून घे’ म्हणजे तुझे हित साध, किंवा दुसऱ्याकडून काम साधून घे. ‘करून दे’ म्हणजे त्याच्यासाठी कर. ‘करून पाहा’ म्हणजे प्रयत्न कर. ‘करून बसला’ म्हणजे नको ते केले आणि आता निस्तरणे आले. ‘करून चुकलो’ म्हणजे आता करावयाचे काही उरले नाही. ‘हैराण करून सोडले’ म्हणजे शेवटापर्यंत पिच्छा पुरवला. यांखेरीज करू लागणे, करू देणे, करत राहणे, करत सुटणे हे निराळेच. टाकणे, ठेवणे, घेणे, देणे, बसणे, सोडणे ही हातापायांची कामे सांगणारी क्रियापदे. दुसऱ्या जागी आली की ती आपला मूळ अर्थ पुष्कळसा सोडतात आणि बोलणाऱ्याचे मन सांगू लागतात.

इंग्रजी व मराठी यांच्या जोडणीतील भेद आम्हांस येथे दिसतो. इंग्रजीतील अप, डाउन, ऑफ, आउट हे शब्द मूळचे दिशा दाखवणारे. वर, खाली, दूर, बाहेर या दिशांचेच पुढे अर्थ झाले. ‘इट अप’ म्हणजे खाऊन टाकणे, ‘यूज अप’ म्हणजे वापरून टाकणे, ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे. मराठीतील दुसरे क्रियापद मात्र बहुधा नाते दाखवते : काम कोणासाठी झाले, कोणाच्या पदरात पडले, मनापासून झाले की कटकट म्हणून उरकले. ‘पैसे दिले’ आणि ‘पैसे देऊन टाकले’ यांत रुपयांचा फरक नाही. देणाऱ्याच्या निःश्वासाचा फरक आहे.

व्याकरणकारांना हा प्रकार सहजासहजी वश झाला नाही. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरहून निघाले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्याची मांडणी लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर आहे, हे सर्वश्रुत आहे. मोरो केशव दामले यांनी १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथात संयुक्त क्रियापदांची तपशीलवार चिकित्सा केली. शाळेत आपण शिकलो ती कसोटी अशी : दोन क्रियावाचक शब्द मिळून एकाच क्रियेचा बोध होत असेल तरच संयुक्त क्रियापद, दोन क्रिया वेगवेगळ्या कळत असतील तर नव्हे. ‘तो बसून जेवतो’ यात बसणे आणि जेवणे या दोन क्रिया आहेत. ‘तो सगळे खाऊन बसला’ यात कोणी बसलेले नाही. अशा किती जोडण्यांना संयुक्त म्हणावे याबद्दल विद्वानांत आजही एकमत नाही, आणि त्या वादात शिरण्याचा आमचा अधिकारही नाही.

कोशकारांत मोल्सवर्थ यांचे ऋण मोठे. त्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला व सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ साली आली. त्यात असंख्य नामांपुढे त्या नामाबरोबर कोणकोणती क्रियापदे चालतात, हे नोंदवलेले आहे. परक्या माणसाने केलेली ही नोंद आहे, म्हणूनच ती झाली असे आम्हांस वाटते. आपल्याला हाक मारतात, गोष्ट सांगतात, शपथ घेतात किंवा घालतात, नजर ठेवतात, नजर चुकवतात आणि नजर लागते, हे न सांगता कळते. बाहेरून आलेल्याला ते एकेक करून टिपून घ्यावे लागते. जॉन्सन यांना इंग्रजीत परकीयांची जी अडचण दिसली, तीच मोल्सवर्थ यांना मराठीत स्वतः परकीय असल्यामुळे जाणवली असावी.

आता प्रश्न असा की, क्रियापदामागे क्रियापद ठेवण्याची ही रीत केवळ मराठीची आहे काय? आदिलाबादच्या माणसाला हा प्रश्न विचारण्याची गरज नसावी, कारण त्याचे उत्तर तो दररोज बाजारात ऐकतो. मराठी म्हणतो ‘करून टाक’. दख्खनी बोलणारा शेजारी म्हणतो ‘कर डालो’. ‘डालना’ म्हणजे टाकणेच. तेलुगू शेजारी म्हणतो ‘चेसेय्’. हा शब्द उकलला तर ‘चेसि’ म्हणजे करून आणि ‘वेय्’ म्हणजे टाक. ‘देऊन टाक’ला तो ‘इच्चेय्’ म्हणतो, जोडणी तीच. आपण म्हणतो ‘करून घे’, तो म्हणतो ‘चेसुको’. यातला ‘को’ ज्या ‘कोनु’पासून आला त्याचा अर्थ घेणे, विकत घेणे. आपण म्हणतो ‘मरून गेला’, तो म्हणतो ‘चच्चिपोयाडु’. ‘पोवु’ म्हणजे जाणे. ध्वनी वेगळे, कुळे वेगळी, एक आर्यकुळातील आणि दुसरी द्राविडकुळातील. पण टाकणे, घेणे, जाणे ही क्रियापदे दुसऱ्या जागी बसवून त्यांच्याकडून तेच काम करून घेण्याची रीत एकच.

सर्वच ठिकाणी जुळणी तंतोतंत नाही, हेही नमूद केले पाहिजे. तेलुगूत ‘चेसि पेट्टु’ यातला ‘पेट्टु’ म्हणजे ठेवणे. पण त्याचा रोख पुष्कळदा ‘दुसऱ्यासाठी करून देणे’ असा असतो. म्हणजे तेथे ठेवणे हे आपल्या देण्याचे काम करते. शेजाऱ्याची भाषा आपल्यासारखी आहे म्हणून निष्काळजीपणे शब्दास शब्द ठेवला, तर इंग्रजीत आमची जी फसगत झाली तीच तेलुगूतही होऊ शकेल.

या साम्याचा शास्त्रीय विचार करणाऱ्यांत मरे एमेनो यांचे नाव अग्रगण्य आहे. त्यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस वर्धा भागातील कोलामांची भाषा अभ्यासली व तिच्यावरील ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध केला. कोलाम आपल्या जिल्ह्याचेही जुने रहिवासी आहेत. पाठोपाठ १९५६ साली ‘भारत : एक भाषिक क्षेत्र’ या आशयाचा त्यांचा निबंध आला. भिन्न कुळांतील भाषा एका भूमीवर शतकानुशतके एकत्र नांदल्या की, त्यांच्या रचना एकमेकींसारख्या होतात, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. मूर्धन्य वर्ण आणि ‘करून, जाऊन’ या जातीची रूपे ही त्यांतील उदाहरणे. कॉलिन मसिका यांनी १९७६ साली या क्षेत्राच्या सीमा तपासताना क्रियापदामागे येणाऱ्या दुसऱ्या क्रियापदाचाही एक खूण म्हणून विचार केला. ही रीत कोणी कोणास दिली, याचा निवाडा सोपा नाही. शेजारी शेजारी राहणाऱ्या घरांत विरजण कोणाकडून कोणाकडे गेले, हे तीन पिढ्यांनंतर कोण सांगणार?

१९५६ हे वर्ष आपल्याला दुसऱ्या कारणाने अधिक आठवते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला भाषावार प्रांतरचना झाली. हैदराबाद राज्य विभागले गेले. किनवट आणि राजुरा हे आपल्या जिल्ह्याचे भाग तत्कालीन मुंबई राज्यात गेले. किनवट आज नांदेड जिल्ह्यात आहे, राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात. जैनद, बेला, तामसी, मुधोळ, भैंसा या बाजूची मराठी घरे आंध्र प्रदेशात राहिली, २०१४ पासून ती तेलंगणात आहेत, आणि २०१६ साली आपला जुना जिल्हाही चार जिल्ह्यांत वाटला गेला. ज्या वर्षी भाषांच्या नावाने भूमीवर रेघ ओढली गेली, त्याच वर्षी एका अभ्यासकाने दाखवून दिले की, भाषांनी आपापसांत अशी रेघ कधी ओढलेलीच नव्हती. आपल्या सीमेवरच्या बोलीला याचा दाखला देता आला असता. परंतु ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीत निजामाचे राज्य समाविष्टच नव्हते, त्यामुळे तिची नोंद तेव्हा राहून गेली.

आणि हेही विसरता कामा नये की, आपले पूर्वज नदी ओलांडून कपाशीच्या शेतीसाठी येथे आले, तेव्हा ही भूमी रिकामी नव्हती. गोंड आणि कोलाम येथे आधीपासून होते, आणि त्यांच्यातील अनेकांना मराठी अवगत होती. १९४० च्या दशकात मार्लवाई येथे हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षणाची योजना सुरू झाली, तेव्हा गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके देवनागरी लिपीत सिद्ध झाली. आपल्या मराठीने येथे केवळ घेतले नाही, दिलेही. पण देणे-घेणे बरोबरीचे होते, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

आता राज्यकारभाराच्या भाषेचा थोडा विचार करू, कारण आमचे आयुष्य तिच्यात गेले. फारसी अमदानीत मराठीत शब्दांचा लोंढा आला : अर्ज, हुकूम, माफ, रुजू, दाखल, पेश. हे शब्द मराठीत कोणत्या दाराने आले ते पाहण्यासारखे आहे. फारसीतच नामाला ‘कर्दन’ म्हणजे करणे आणि ‘दादन’ म्हणजे देणे ही क्रियापदे जोडण्याची चाल होती. मराठीने नाम तिकडचे घेतले आणि क्रियापद आपले ठेवले : अर्ज करणे, हुकूम देणे, रुजू होणे. पुढे शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला व सुमारे १४०० दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. माधव त्रिंबक पटवर्धन यांनी १९२५ साली फारशी-मराठी कोश प्रसिद्ध केला, तेव्हाही त्या जुन्या शब्दांपैकी किती मराठीत मुरलेले आहेत, हे दिसून आले. या घालमेलीत नामे आली, गेली, पुन्हा आली. करणे, देणे, घेणे मात्र आपल्या जागेवरून हलली नाहीत.

हैदराबाद राज्यात १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली, १९४८ नंतर इंग्रजीचे प्रस्थ वाढले, आणि १९६६ च्या कायद्याने तेलुगू राजभाषा झाली. आमच्या आजोबांच्या काळी मिसल ‘पेश करीत’, आमच्या काळी फाइल ‘पुट अप करीत’. ‘पुट’ हे इंग्रजीत स्वतः क्रियापद. पण आमच्या तोंडी ते नामासारखे झाले आणि त्याला पुन्हा ‘करणे’ जोडावे लागले. इंग्रजीची पुरी जोडी आपण गिळली, तरी वाक्य उभे राहिले ते आपल्याच क्रियापदावर. म्हणून परके शब्द आले की भाषा बुडाली, असा आकांत आम्ही करीत नाही.

चिंता वाटते ती वेगळ्या गोष्टीची. पूर्वी परके नाम येई आणि घरचे क्रियापद त्याला सांभाळून घेई. आता घरची क्रियापदेच निघून जात आहेत आणि सर्व भार एकट्या ‘करणे’वर पडतो आहे. आमच्या नातवंडांच्या शाळेत इंग्रजी माध्यम आहे. २०१८ च्या कायद्याने तेलंगणात शाळांत तेलुगू शिकवणे सक्तीचे झाले आहे, आणि ज्या राज्यात राहायचे त्याची भाषा मुलांनी उत्तम शिकलीच पाहिजे. मराठी उरते ती घरापुरती. त्या घरात आम्ही ऐकतो : ‘आजोबा, डोअर क्लोज करा.’ नाम परके, म्हणून आमचे काही म्हणणे नाही. पण त्या वाक्यात काय गेले, ते पाहावे. आमची आई घराबाहेर पडताना म्हणे, “दार लावून घे रे.” त्या ‘घे’त तिचे जाणे होते, आमचे मागे एकटे राहणे होते आणि आम्ही सुरक्षित असावे ही काळजी होती. रात्री ती म्हणे, “दार लावून टाक”. म्हणजे दिवस संपला, आता कोणी यायचे नाही. उन्हाळ्यात दुपारी म्हणे, “दार लावून ठेव”. म्हणजे झळ आत यायला नको. तिन्ही वेळा दार तेच, लावणे तेच. ‘क्लोज करा’ याने दार लागते, पण आईने सांगितलेले त्यात काहीच येत नाही.

नामे पुस्तकांतून परत शिकता येतात. शब्दकोश त्यासाठीच असतात. पण कोणत्या प्रसंगी ‘टाक’ म्हणावे आणि कोणत्या प्रसंगी ‘ठेव’, हे कोश सांगत नाही. ते घरात, कामाच्या ओघात, मोठ्यांच्या तोंडून कानी पडूनच येते. काकांच्या प्रकरणात आमच्याकडे इंग्रजी-मराठी कोश नव्हता असे नाही. आम्ही कचेरीच्या भाषेची नवी ऐट मिरवत होतो आणि ‘काढून ठेवणे’ म्हणजे काय, हे आमच्याच आईच्या स्वयंपाकघरात शिकलेलो असूनही त्या क्षणी विसरलो होतो. काकांनी शेवटपर्यंत आम्हांस बोल लावला नाही, त्यामुळे ते शल्य अधिक राहिले आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. आपल्या घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल, तर त्यांच्याजवळ चार दिवस वही घेऊन बसावे. त्यांचे शब्द नव्हेत, त्यांच्या जोड्या टिपून घ्याव्यात : ते काय ‘करून टाकतात’, काय ‘काढून ठेवतात’, काय ‘सोडून देतात’, कशाला ‘लावून घेतात’, आणि ते कोणत्या प्रसंगी म्हणतात. शेजारी तेलुगू किंवा गोंडी बोलणारे वृद्ध असतील, तर त्याच प्रसंगी ते काय म्हणतात, हेही शेजारी लिहावे. अशा वह्या आपल्या मंडळाकडे जमा झाल्या, तर पुढील अंकांतून त्या क्रमाने देता येतील. मोल्सवर्थ यांनी परके असून जे टिपून ठेवले, ते आपण घरचे असून टिपून ठेवण्यास फारसा खर्च येणार नाही. नातवंडांनी कधी विचारले, तर त्यांच्यासाठी एवढे काढून ठेवलेले असावे.